हिनाच्या नावाचे डबे

हिनाबद्दल चांगलं सांगणारी माणसं दोंडाईच्यात पुष्कळ सापडतील. मी तिचा सख्खा भाऊ आहे, त्यामुळे उरलेलं मला सांगता येतं. ती माझ्याहून चार वर्षांनी लहान. हुशार आहे, कष्टाळू आहे, कुणाशी वाकडं बोलत नाही. एवढं सगळं एका माणसात असलं की शेजारच्यांना कौतुक वाटतं. एका घरात राहणाऱ्याचे हाल कुणी विचारत नाही.

आमचं स्टेशन रोडला स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. पप्पा, म्हणजे सुभाषचंद, पुढे गादीवर बसतात आणि मी मागे स्टुलावर. माझं मुख्य काम नावं टाकणं. आपल्याकडे नाव टाकल्याशिवाय भांडं घरी नेत नाहीत. लग्नात कुणी दिलं, कुणाला दिलं, कोणत्या साली, सगळं त्यावर लागतं. जाड पेनासारखं विजेचं मशीन असतं, ते घरघरत स्टीलवर टिंबं टिंबं मारत जातं आणि अक्षर उमटतं. अकरा वर्षांचा होतो तेव्हा ते पहिल्यांदा हातात घेतलं. आज गावातल्या निम्म्या स्वयंपाकघरांत माझं अक्षर आहे. शाळांची बक्षिसंही आमच्याकडूनच जातात, त्यामुळे हिनाच्या पाचवीपासून दहावीपर्यंतच्या सगळ्या पेल्यांवर 'प्रथम क्रमांक' मीच टाकलेलं आहे.

आता माझं ऐका. बारावीला मला चौऱ्याऐंशी टक्के होते. धुळ्याला देवपुरात कॉलेजला गेलो, बी.एस्सी.ला. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली होती, तिथून पांझरा दिसायची. पहिलं सेमिस्टर संपलं आणि जानेवारीत पप्पांनी पातेल्यांचा गठ्ठा उचलला, तो कमरेत उसण भरूनच खाली ठेवला. मणक्याचं ऑपरेशन झालं. मला 'दोन महिने ये' म्हणून बोलावलं. त्याला सहा वर्षं झाली.

यात कुणाचा वाईट हेतू नव्हता, म्हणून तर भांडायलाही कुणी नाही. आमच्यात मुलाने दुकान धरायचं असतं. मुलगी सोयरीक जमेपर्यंत शिकते, कारण घरी बसून तरी काय करणार. म्हणजे ज्याला शिकायचं होतं तो स्टुलावर, आणि जिने शिकलं न शिकलं तरी चालण्यासारखं होतं ती कॉलेजात. तीही त्याच कॉलेजात, त्याच डिपार्टमेंटला. समाजाच्या वसतिगृहात राहायची, शनिवारी एसटीने घरी यायची. पहिल्याच शनिवारी आल्या आल्या म्हणाली, "भैया, लॅबच्या खिडकीतून पांझरा दिसते." मी डब्यावर नाव टाकत होतो. मशीनचा आवाज होता म्हणून ऐकू आलं नाही असं दाखवलं.

तरी एक उन्हाळा आमचा फार छान गेला, तोही सांगतो. पहिल्या वर्षाच्या शेवटी तिची मॅथ्समध्ये एटीकेटी लागली. आयुष्यात पहिल्यांदा नापास झाली पोरगी. दोन दिवस जेवली नाही. मी तिला रोज दुपारी दुकानात बसवून गणितं घालायचो, लस्सी मागवायचो, होतं असं म्हणून समजूत काढायचो. मम्मी सगळ्यांना सांगायची की भाऊ असावा तर असा. मलाही तेव्हा तसंच वाटत होतं. पुढच्या परीक्षेत ती सुटली आणि परत पहिल्यासारखी पुढे निघून गेली.

या वर्षी तिची तीन वर्षं संपली. नव्या पद्धतीत डिग्री तीन वर्षांनीही मिळते आणि हवं तर चौथं वर्ष करून ऑनर्सची घेता येते. त्यातही संशोधनाचं ऑनर्स वेगळं, त्याला मार्क जास्त लागतात आणि जागा मोजक्या. तिच्या डिपार्टमेंटला सहा होत्या. पाच भरल्या. सहाव्या जागेवर हिना आणि शिरपूरचा एक मुलगा बरोबरीत होते. तिथले अभिमन सर म्हणाले, दोघांनी आपापला विषय एका पानावर लिहून आणा, ज्याचं काम वर्षात खरोखर होण्यासारखं असेल त्याला घेतो.

फॉर्म आणायला मी तिच्यासोबत गेलो होतो. ती आत होती तेवढ्यात मी खिडकीवरच्या बाबूंना सहज विचारलं, माझं एक सेमिस्टर झालेलं आहे, पुढे चालू करता येईल का? त्यांनी साल विचारलं आणि हसून म्हणाले, "भाऊ, तो अभ्यासक्रम कधीच बंद झाला. आता पहिल्यापासून या." माझं वय पंचवीस. हिना बाहेर आली तेव्हा मी तिला उसाचा रस पाजला आणि फॉर्म नीट धर, चुरगळेल, असं दोनदा सांगितलं.

घरात सगळं तिच्या बाजूने जुळून येत होतं. जळगावच्या एका घराकडून तिच्यासाठी विचारणा झाली होती. अजून एक वर्ष शिकणार म्हटल्यावर ते मागे हटतील असं मला वाटलं होतं, खरं सांगायचं तर आशाच होती. त्यांनी उलट निरोप पाठवला की ऑनर्स असेल तर अवश्य थांबू. पप्पा दिवसभर येणाऱ्या प्रत्येकाला ऑनर्स म्हणजे काय ते समजावत होते, आणि त्यांना स्वतःलाच ते नीट माहीत नव्हतं.

मग तिने विषय लिहिला. आमचं जेवण सूर्य मावळायच्या आत होतं. त्या दिवशी ताटावर बसल्यावर तिने पान वाचायला घेतलं. "स्टीलच्या भांड्यांवर कोरलेल्या नावांना लागणारा गंज." माझा घास तोंडातच राहिला.

कारण हे माझं होतं. पाच वर्षांपूर्वी झुंबरबाई नावाच्या म्हाताऱ्या गिऱ्हाईक दुकानात डबा आपटून म्हणाल्या होत्या, "पारसभाऊ, हाई दख. बठ्ठा डबा चांगला शे, मन्हं नावच तेवढं सडी गयं." डबा लख्ख होता आणि नावाच्या जागी तांबूस डाग. त्यानंतर मी येणारं प्रत्येक जुनं भांडं बघायला लागलो. अक्षराच्या उभ्या रेघेत गंज कमी असतो. जिथे मशीन क्षणभर थांबतं आणि टिंब खोल पडतं, वळणावर किंवा अक्षराच्या टोकाला, तिथे तो आधी धरतो. मशीनने स्टीलच्या वरची अगदी पातळ साय फुटते. भारी स्टीलवर ती हवेनेच परत चांगली धरते, हलक्यावर कच्ची राहते. हे मी पुस्तकात वाचून, भांडी पाहून, स्टुलावर बसून जुळवलं होतं आणि एका दुपारी कौतुकाने हिनाला सांगितलं होतं. आता ते तिच्या अक्षरात तिच्या पानावर होतं. तिने पहिली ओळ वाचली आणि मी हात धुवायला उठलो. पोट दुखतंय म्हणालो.

सोमवारी तिचा धुळ्याहून फोन आला. विषय सरांना आवडला होता, पण नमुने कुठून आणणार असं त्यांनी विचारलं होतं. घरोघरीची वापरलेली भांडी चालणार नव्हती; कुणी त्यात लोणचं ठेवतं, कुणी साखर. एकाच हाताने, वेगवेगळ्या साली नाव टाकलेली आणि कधी न वापरलेली भांडी हवी होती. पुढच्या सोमवारपर्यंत मिळाली तर जागा तिची, नाहीतर शिरपूरच्या मुलाची. फोनवर ती जवळजवळ नाचत होती. "भैया, माळ्यावरचे माझे डबे!"

आमच्या घरची रीत अशी की धनतेरसला दुकानातला पहिला डबा हिनाच्या नावाचा निघतो. त्यावर तिचं नाव आणि साल टाकायचं आणि माळ्यावर ठेवून द्यायचा, तिच्या लग्नात द्यायला. ती जन्मली त्या वर्षापासून हे चालू आहे. सुरुवातीचे डबे जुन्या कारागिराच्या हातचे. २०१२ पासूनचे चौदा माझ्या हातचे. सरांना हवं होतं ते शब्दाला शब्द आमच्या माळ्यावर पडलेलं होतं.

मम्मीने आधी नकार दिला. नमुने म्हणजे डबे कापायचे, हे कळल्यावर ती उठूनच गेली. "पोरीचं नाव ज्यावर आहे त्यावर करवत चालवायची? सासरी काय घेऊन जाईल ती, चकत्या?" पप्पांनी समजावलं की आपण भांडीवाले आहोत, चौदाच्या जागी अठ्ठावीस देऊ. शेवटी मम्मी कबूल झाली. मम्मीने नाही म्हणावं अशी माझ्याइतकी इच्छा त्या घरात कुणाचीच नव्हती.

कारण चौदापैकी तीन डबे हलके होते. ते मी ठेवले होते, जाणूनबुजून.

धनतेरसला पप्पा गादीवरून म्हणतात, "पारस, हिनाचा डबा काढ, भारी काढ." भारी माल वरच्या फळीवर, हलका खालच्या. दिसायला दोन्ही सारखे. हलका तर जरा जास्तच चमकतो. ओळखायला एक औषधाची बाटली असते, थेंब टाकून बॅटरीची तार टेकवली की हलकं स्टील लाल होतं. पण घरच्या डब्यावर कोण थेंब टाकतो? २०२२ मध्ये मी पहिल्यांदा खाली वाकलो. हात आपोआप गेला असं म्हणता आलं असतं, पण तसं नव्हतं. ही सासरी जाईल, यात मीठ भरेल आणि एक दिवस हिचं नाव सडेल, असं मी तेव्हा व्यवस्थित मनाशी म्हटलं होतं. नंतर २०२३ ला. नंतर २०२५ ला. लिहिताना लाज वाटते, पण डबा ठेवताना वाटली नव्हती.

आता ते डबे लॅबमध्ये जाणार आणि तिथे पहिल्या दिवशी स्टीलची जात बघणार. मला एकच मार्ग सुचला. रविवारी पप्पा जेवायला गेले तेव्हा शटर अर्धं ओढून मी वरच्या फळीवरून तीन भारी डबे काढले आणि त्यांवर हिनाचं नाव आणि जुनी सालं टाकली. राखेने घासून त्यांची चकाकी घालवली आणि माळ्यावर खऱ्यांच्या जागी ठेवून दिले. खरे तीन डबे गावात विकता येईनात, हिनाचं नाव सगळे ओळखतात. ते एका पोत्यात घातले. धुळ्याच्या मोडवाल्याला भंगारात देऊन टाकू, असं ठरवलं.

सोमवारी दोन पोती घेऊन एसटीत बसलो. मोडवाल्याचं दुकान अकराशिवाय उघडत नव्हतं, म्हणून दोन्ही पोती घेऊनच रिक्षाने देवपुरात गेलो.

लॅब तीच होती. खिडकीजवळच्या जागेवर हिनाचं दप्तर होतं. अभिमन सरांनी चौदा डबे टेबलावर सालाप्रमाणे ओळीने मांडले आणि पहिल्या डब्यावरचं वेडंवाकडं नाव बघून हसले.

"हा हात तुमचा?"

"हो. अकरा वर्षांचा होतो."

"गंज टिंबापाशी सुरू होतो, हेही तुम्हीच पाहिलंत म्हणे. हिनाने पानावर दुसऱ्याच ओळीत लिहिलंय. निरीक्षण माझ्या भावाचं आहे, म्हणून." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "किती शिकलात?"

"एक सेमिस्टर. इथेच."

दुसरी ओळ मी ऐकलीच नव्हती. पहिल्या ओळीला उठून गेलो होतो. हिना डब्यांवरची धूळ रुमालाने पुसत होती आणि तिला यात काही विशेष वाटत नव्हतं. मला बरं वाटायला हवं होतं. मला तिचा रागच आला. चोरी केली असती तर मला सोपं गेलं असतं.

सर पुढे सांगत होते, "या नमुन्यांची सगळी किंमत तारखेत आहे. एक जरी तारीख खोटी असली तर हिचं वर्ष फुकट जाईल आणि वर माझी सही असेल." हे ते सहज बोलले, सगळ्याच विद्यार्थ्यांना बोलत असतील. हिना रुमाल घेऊन २०२२ च्या डब्यापर्यंत आली होती. तिने तो पुसला, उचलला, जरा वेळ हातात धरला आणि पुन्हा पुसला. आता गप्प बसलो असतो तर वर्षभराने ती तोंडावर पडली असती. इतके दिवस मी हेच मागत होतो. मग ते समोर आलं, आणि मला ते बघवेना.

"सर, यातले तीन काल केलेले आहेत," मी म्हणालो. "खरे या पोत्यात आहेत."

कारण विचारल्यावर मात्र अर्धंच सांगितलं. त्या सालांचा माल हलका आला होता, पप्पांना कळू नये म्हणून बदलत होतो, असं म्हणालो. हिना माझ्याकडे बघत राहिली. सरांनी पोत्यातले डबे काढले, थेंब टाकला, लाल झाला, आणि ते खूशच झाले. एकाच हातचे, एकाच नावाचे आणि दोन जातींच्या स्टीलचे डबे. असे नमुने मागून मिळाले नसते, म्हणाले. त्याच दुपारी सहावी जागा हिनाला मिळाली. म्हणजे माझा हलकटपणासुद्धा तिच्याच उपयोगी पडला. एसटीत परत येताना मी यावरच जळत होतो.

पुढचे महिने ती डबे कापत होती, चकत्या मिठाच्या पाण्यात ठेवत होती आणि नावाच्या टिंबांचे फोटो काढत होती. धनतेरसच्या आदल्या दिवशी घरी आली आणि मग दुकानात आली. पप्पा घरी चहाला गेले होते. तिने माझ्या स्टुलाशेजारी पाटी उलटी करून बसायला घेतली आणि एक कागद पुढे केला. चौदा उभ्या पट्ट्या होत्या, वर्षाला एक, जेवढा गंज तेवढी उंच. अकरा पट्ट्या बोटाच्या पेराएवढ्या. तीन कागदाच्या वरच्या टोकापर्यंत.

"सर विचारत होते," ती म्हणाली, "बावीस, तेवीस हलका माल, पंचवीसही हलका. मधेच चोवीसला भारी कसा आला? तुमचा व्यापारी बदलला होता का, म्हणाले."

मी मशीन चालू करून एका तांब्यावर कुणाचंतरी नाव टाकायला घेतलं. तिने हात लांब करून बटण बंद केलं.

"व्यापारी बदलला नव्हता," मी म्हणालो.

"माहीत आहे. पप्पांना विचारलं मी. घरचा डबा तूच काढतोस." तिने बोट पहिल्या उंच पट्टीवर ठेवलं. "बावीसला पप्पांनी मला धुळ्याचा क्लास लावला." बोट पुढे सरकलं. "तेवीसला कॉलेज." एक बुटकी पट्टी सोडून ते शेवटच्या उंच पट्टीवर गेलं. "पंचवीसला सर म्हणाले, ऑनर्स कर." मग ते मागे बुटक्या पट्टीवर आलं आणि तिथेच राहिलं. "चोवीसला मी नापास झाले होते."

तिने ते मोजून आणलं होतं.

"तो उन्हाळा मला किती आवडतो, माहीत आहे?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मी मैत्रिणींना सांगते, भैयाने मला गणित शिकवलं. लस्सी पाजली."

"तेव्हा मनापासून केलं मी."

"ते दिसतंय," असं म्हणून तिने कागदाची घडी घातली. "सरांना सांगेन, कारण माहीत नाही. रिपोर्टात साल लिहायचं असतं, कारण लिहायची सक्ती नाही." उठताना म्हणाली, "आणि पुण्याला परिषद आहे, त्यासाठी माझी निवड झाली. घरात अजून सांगितलं नाही. तुला आधी सांगितलं."

आज धनतेरस. सकाळपासून दुकानात पाय ठेवायला जागा नाही. पूजा झाल्यावर पप्पांनी दरवर्षीप्रमाणे गादीवरून हाक मारली, "पारस, हिनाचा डबा काढ, भारी काढ." हिना गिऱ्हाइकांच्या मागे उभी होती.

माझं मन एका दिवसात मोठं झालेलं नव्हतं. पुणं ऐकल्यापासून रात्रभर पोटात जे पेटलं होतं ते तसंच होतं. तिथे ती माझी टिंबं पडद्यावर दाखवणार आणि लोक तिच्यासाठी टाळ्या वाजवणार. त्या पेटलेल्या पोटानेच मी वरच्या फळीवरचा डबा काढला. औषधाची बाटली घेतली, बुडाला थेंब टाकला, तार टेकवली आणि तिला दिसावं म्हणून गिऱ्हाइकांच्या डोक्यांवरून डबा वर धरला. लाल झाला नव्हता.

हिना गर्दीतून पुढे आली आणि डबा माझ्या हातातून खाली घेतला.

"दाखवू नको भैया," ती हळू म्हणाली. "नाव टाक. पुढच्या वर्षी कापल्यावर कळेलच."